मदत हवी आहे : दिवाळीची कार्डं वाकडी होऊन राहिली, काय करू?

रंगपेटी
लवकर सांगा कोणीतरी. दिवाळीची 45 कार्डं हाताने करायची आहेत. 28 झाली आणि त्यातली बहुतेक सगळी वाकली. पुढच्या पानाच्या कडा सुपासारख्या वर येतात, कार्ड टेबलावर उभंच राहत नाही. घडीवर पांढरी रेघ फुटली, ती जांभळ्या रंगावर फार उठून दिसते. दरवर्षी आई करायची. या वर्षी तिचं मनगट प्लास्टरमध्ये आहे म्हणून मी बसली. रविवारी सकाळी तिच्या मैत्रिणी फराळाला येतात, त्याआधी हवीत. गोंद बदलू का, एवढंच सांगा.

महालकर
कागद कोणता? किती जीएसएम, म्हणजे किती जाडसर-वजनाचा? गोंद कोणता, आणि पूर्ण पाठीला लावला की फक्त कडांना? फोटो टाका.

रंगपेटी
फोटो काढायला वेळ नाही हो. आपला नेहमीचा कार्डशीट, त्यावर पिवळा हातकागद, त्यावर क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली पणती. नेहमीचाच गोंद.

संत्र्याची_फोड
नेहमीचा म्हणजे फेविकॉल. तो आधी बाजूला ठेवा. दुहेरी टेप आणा, बर्डीच्या बाजारात कुठेही मिळते. मी तीन वर्षं राख्या आणि कार्डं टेपवरच करते, एकही वाकलं नाही.

खळीचा_डबा
टेप दोन-तीन उन्हाळ्यांत सुटते. नागपूरचा मे महिना तिला झेपत नाही. मैद्याची खळ करा, पातळ. माझे वडील बाइंडिंगचं काम करायचे. त्यांनी खळीने बांधलेल्या वह्या आजही घट्ट आहेत. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचा.

दोन_लेकरांची_आई
मोरचूद विषारी असतो. फराळाच्या ताटाशेजारी ठेवायच्या कार्डाला, आणि घरात लहान मुलं असताना? कृपया असे सल्ले देऊ नका.

खळीचा_डबा
चाटायला नाही सांगितलं ताई. पिढ्यान् पिढ्या बाइंडर घालत आले आहेत.

दोन_लेकरांची_आई
लेकरं चाटतातच. माझ्या धाकट्याने मागच्या दिवाळीत आकाशकंदिलाची झिरमिळी चघळली होती.

जुनी_बर्डी
धागा वाचून जुने दिवस आठवले. आम्ही कार्डाचं पाकीट न चिकटवता, झाकण आत खोचून, वर 'बुक पोस्ट' लिहून पाठवायचो. तिकीट कमी लागायचं. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, छापील नाताळ कार्ड पहिल्यांदा विकलं गेलं ते 1843 साली लंडनमध्ये. हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून ते काढून घेतलं होतं. चित्रात सगळं कुटुंब मद्याचे पेले घेऊन बसलेलं आणि एका लहान मुलीच्या तोंडालाही पेला लावलेला, त्यावरून मद्यपानविरोधी मंडळी चिडली. पहिल्याच कार्डाच्या चित्रात चूक निघाली होती, तेव्हा पोरी, तू खचू नको.

रंगपेटी
काका, छान माहिती आहे, पण माझी 28 कार्डं टेबलावर पडली आहेत.

अजनीकर
ताई, एक विचारतो. कार्डं वाळवता कुठे? खोलीत कूलर चालू आहे का?

रंगपेटी
हो, चालूच आहे. ऑक्टोबर हीट किती आहे पाहता ना. कूलरसमोरच पसरवून ठेवते, लवकर वाळावी म्हणून. त्याचा काय संबंध?

महालकर
सगळाच संबंध आहे. आता नीट सांगतो.

फेविकॉलमध्ये पाणी असतं. हातकागद ते पितो, फुगतो, आणि फुगलेलाच तुम्ही कार्डावर चिकटवता. वाळला की तो आकसतो आणि कार्डाला आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूने ओढणारं काहीच नाही, म्हणून कडा वर येतात. त्यात तुमचा कूलर एका बाजूला दमट हवा मारतोय. गोंद कोणताही घ्या, एकाच अंगाला पूर्ण पाठ चिकटवली की हेच होणार. चूक रचनेतच आहे.

झालेल्या कार्डांसाठी : पुढच्या पानाच्या आतल्या बाजूला तोच हातकागद, त्याच मापाचा, त्याच गोंदाने चिकटवा. बाइंडर पुठ्ठ्याला दोन्हीकडून कागद लावतात तो याचसाठी. मग कोऱ्या कागदात ठेवून वजनाखाली रात्रभर. पणतीच्या जागी खाली-वर मऊ कापड ठेवा, नाहीतर ती चेपेल. कूलर बंद.

आता घडीचं. ए-4 शीट कसं कापलं?

रंगपेटी
उभं मधून कापून दोन लांब पट्ट्या, मग प्रत्येकीची घडी. आकार पाकिटाला बरोबर बसतो.

महालकर
म्हणूनच फुटली. बहुतेक ए-4 मध्ये कागदाचे तंतू लांब बाजूने धावतात. तुमची घडी त्यांना आडवी मोडते. आडवं कापा, 148 बाय 210 मिमीचे दोन तुकडे होतील. 210 ची बाजू मधोमध दुमडा. कार्ड तेच 105 बाय 148, पाकीट तेच 114 बाय 162, फक्त घडी आता तंतूंच्या दिशेने. दुमडण्याआधी पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने एकदा दाबून रेघ ओढा. आधी फुटलेल्यांवर घडीवरून जांभळ्या कागदाची बोटभर पट्टी लावा.

संत्र्याची_फोड
एवढा खटाटोप? टेप लावली असती तर पाणीच नाही, वाकणंच नाही.

महालकर
हे मात्र खरं, पुढच्या कार्डांना टेप चालेल. पण 28 वाकलेली टेपने सरळ होत नाहीत.

दोन_लेकरांची_आई
पिवळ्यावर अक्षरं कशाने लिहिली आहेत? चंदेरी पेनने असतील तर चष्म्याच्या वयाच्या मावश्यांना वाचता येणार नाहीत. गडद शाई घ्या.

रंगपेटी
चंदेरीच आहेत. आता तेही आलं.

अजनीकर
आई काय करायची ते विचारलं का? तिची सरळ राहायची ना?

रंगपेटी
विचारलं. आई म्हणते, ती हातकागद नुसता वरच्या कडेला चिकटवायची, खालून मोकळा. आणि सगळी कार्डं वर्तमानपत्रात गुंडाळून रात्री गादीखाली, मग त्यावर पणती. मी लहानपणी त्याच गादीवर झोपायची, मला कधी कळलं नाही. मी पूर्ण पाठीला गोंद लावला कारण मोकळी कड मला अर्धवट काम वाटायची.

काल रात्री तीन कार्डांवर करून पाहिलं. दोघांना आतून हातकागद लावला, ती सकाळी सपाट होती, उभी राहिली. तिसऱ्याला घाईत झेरॉक्सचा कागद लावला, ते अजून वाकडंच आहे.

महालकर
झेरॉक्सचा कागद पातळ, त्याची ओढ कमी पडते. तिसऱ्यावर अजून एक थर नका चढवू, राहू द्या.

रंगपेटी
बरं. आज उरलेल्या 25 कार्डांना आतून हातकागद लावते. ज्यांवर मजकूर अजून लिहायचाय ती जांभळ्या शाईने. अजून करायच्या 17 कार्डांचा कार्डशीट संध्याकाळी बर्डीवरून आणते, दुकानातच दोन्हीकडून वाकवून बघून. ज्या दिशेने सहज वाकेल, घडी तिकडेच ना?

महालकर
तिकडेच.