मदत हवी आहे: आगीचे ठिपके मोजके, धूर मात्र बक्कळ. मेळ कसा घालायचा?

नमस्कार मंडळी, पीक निघाल्यावर शेतातलं काड पेटवतात त्याचा धूर कुठून कुठे जातो हे सॅटेलाइट इमेजवरून बघायचा खटाटोप चालू आहे. पायथन येतं, हवामानशास्त्र बेताचंच. नासाच्या फर्म्सवरून (आगीच्या जागा दाखवणारी साइट) व्हीआयआयआरएसचे (उपग्रहांवरचा सेन्सर) आगीचे पॉइंट उतरवले आणि वर्ल्डव्ह्यूवर (नासाची उपग्रहचित्रांची साइट) त्याच दिवसाची ट्रू कलर इमेज घेऊन वर टाकले, तर ठिपके इकडे आणि धुराचा पट्टा भलतीकडे, शिवाय ठिपके एवढे कमी की एवढा धूर यातून निघेल असं वाटतच नाही.

एक कारण कळतंय, हे उपग्रह दुपारी दीडच्या आसपास जातात आणि मग थेट रात्री, मधे कोणी चार वाजता काडी लावली आणि तासाभरात विझलं की ते शेत हिशेबातच नाही. मग भूस्थिर (एकाच जागेवरून सतत बघणारा) उपग्रह घ्यावा तर जपानचा हिमावारी दर १० मिनिटांनी इमेज देतो पण थर्मल पिक्सेल २ किमीचा, बारीक आग त्यात कुठली दिसायची.

दुसरी कटकट म्हणजे धुकं की धूर. ७-२-१ बँड (इन्फ्रारेड धरून केलेली रंगजुळणी) लावले की पातळ धूर गायब होतो आणि पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरे राहतात, इथवर ठीक, पण धुक्यातच धूर मिसळलाय तिथे काय? आणि एओडी (हवेतल्या कणांची दाटी सांगणारा आकडा) बघावं तर नेमकं जिथे दाट आहे तिथेच रिकामं भोक, अल्गोरिदम त्याला ढग समजून सोडून देतो!

हायस्प्लिटवर (हवा कुठून आली ते काढणारं मॉडेल) उलटा माग काढला तर १०० मीटरवरून एक दिशा, १००० मीटरवरून दुसरीच. कुठली धरू?

प्रतिसाद:
ठिपक्यांच्या आकड्यावरून धुराचा अंदाज बांधूच नका. जळलेलं क्षेत्र हवं असेल तर सेंटिनेल-२ उपग्रहाच्या आधीच्या-नंतरच्या इमेज घेऊन एनबीआरमधला (जळालेली जमीन ओळखायचा निर्देशांक) फरक काढा, २० मीटरवर काळी शेतं वेगळी दिसतात. ढग नसले तर, अर्थात.

धुक्यासाठी हिमावारीच्याच दृश्य बँडची सकाळची लूप (ओळीने चालवलेल्या इमेज) बघा, त्याचा पिक्सेल ५०० मीटरचा आहे. ऊन चढलं की धुकं कडेकडून जागच्या जागी विरतं, धूर वाऱ्याबरोबर सरकतो. सोबत सेंटिनेल-५पी (हवेतले वायू मोजणारा उपग्रह) चा कार्बन मोनॉक्साइड लावा, नुसती धूळ किंवा धुकं असेल तर तो वाढत नाही. यूव्ही एरोसोल इंडेक्सवर (अतिनील किरण शोषणारे कण दाखवणारा आकडा) मात्र फार भिस्त नको, जमिनीलगतचा धूर त्यात फिका येतो.

धागाकर्ता:
लूपचं डोक्यातच आलं नव्हतं, भारी. आणि उंचीचं?

प्रतिसाद:
काडाचा धूर सहसा मिश्रण थराच्या (जमिनीलगतची हवा जिथवर ढवळली जाते तो थर) वर जात नाही. हायस्प्लिट त्या थराची उंची पण देतं, तिच्या निम्म्यावरून माग सुरू करा आणि लूपमधल्या सरकण्याशी ताडून बघा. जुळलं नाही तर ती उंची सोडा. रात्री तो थर एकदम खाली बसतो, म्हणून दिवसाचे आणि रात्रीचे रन वेगळे ठेवा.