'प्लीज रिव्हर्ट' : चुकीचं इंग्रजी की आपलं इंग्रजी?

कोथरूडकर:
'उत्तर द्या' या अर्थाने मेलमध्ये 'प्लीज रिव्हर्ट' लिहिणं आपण थांबवायला हवं. रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. लॅटिनमध्ये 'री' म्हणजे मागे आणि 'व्हर्टेरे' म्हणजे वळणं. त्यामुळे 'रिव्हर्ट बॅक' तर सरळसरळ पिवळा पीतांबर!

मला हे महागात पडून कळलं. रात्री निघताना कोडमधला बदल टीमला पाठवला आणि खाली लिहिलं, 'प्लीज चेक अँड रिव्हर्ट'. सकाळी येऊन बघतो तर अमेरिकेतल्या सहकाऱ्याने तीन दिवसांचं काम उलटवून ठेवलेलं. गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रिव्हर्टचा अर्थच तो. त्याला बोल कसा लावणार? मी लिहिलं तेच त्याने केलं.

बँकवाली:
अनुभव खरा, पण निष्कर्ष पटला नाही. आमच्या शाखेत रोज 'काइंडली रिव्हर्ट' येतं आणि प्रत्येकाला कळतं. सिंगापूर-मलेशियातही ते याच अर्थाने चालतं. 'प्रीपोन'ला, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणण्याला, लोक नावं ठेवायचे, आज तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. शब्द नव्या घरी गेला की अर्थ बदलतोच. 'राजीनामा'च घ्या. हिंदीत तो तडजोडीचा करार, आपल्याकडे नोकरी सोडल्याचा कागद. मग आपलं मराठी चुकीचं का?

निवृत्त मास्तर:
ताई, उदाहरण उत्तम दिलंत, पण ते तुमच्यावरच उलटतं. दिल्लीच्या माणसाला 'राजीनामा पाठवतोय' लिहिलंत, तर तो तडजोडीच्या कागदाची वाट बघत बसेल. आपण लिहितो ते वाचणाऱ्यासाठी. आणि जोडकार्डाच्या, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडून येणाऱ्या पोस्टकार्डाच्या, काळापासून 'रिप्लाय' आपल्या तोंडात बसलेला आहे. इतका सोपा शब्द हाताशी असताना दुसरा कशाला?

बँकवाली:
सर, परदेशी मेलला 'रिप्लाय' लिहावं, हे मान्य. 'बॅक'ही आजपासून काढून टाकते. पण शाखेतल्या शाखेत मी रिव्हर्टच लिहिणार. तिथे ते चूक आहे असं म्हणणं म्हणजे आपल्या इंग्रजीवर आपला काही हक्कच नाही म्हणण्यासारखं आहे.

कोथरूडकर:
हक्काबद्दल वाद नाही. पण मेल शाखेतल्या शाखेत राहतो कुठे? माझ्या टीममधल्या पुण्याच्या दोघांनाही 'रिव्हर्ट' बरोबर कळलं होतं. दोघांनी रात्रीच 'दिसतंय ठीक' असं उत्तरही पाठवलं होतं. तिसऱ्याने बदल उलटवला तो त्यानंतर.