मदत हवी आहे : सोसायटीतली ‘कचरा कमी करा’ स्पर्धा, वजन करून फसतेय का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमची ६४ घरांची सोसायटी आहे. गुढीपाडव्यापासून दोन महिन्यांची स्पर्धा ठेवली आहे. रोज सकाळी कचरा न्यायला ताई येतात, तेव्हा आम्ही दोघी-तिघी काटा घेऊन उभ्या राहतो. ओला-सुका वेगळा तोलतो आणि घरवार आकडा फळ्यावर लिहितो.

माझी मावशी पुण्याच्या कचरा डेपोजवळच्या फुरसुंगी गावची. शहराच्या कचऱ्यापायी तिकडच्या विहिरींचं पाणी कसं खराब झालं ते मी पाहिलंय, म्हणून हे मनापासून करतेय. पण तीन आठवड्यांत गाडी अडली.

कलिंगडाच्या सालींनी एखाद्या घराचा आठवड्याचा आकडा बिघडतो, आणि वेफर्सची पंधरा पाकिटं काट्यावर दिसतसुद्धा नाहीत. रोज भाजी निवडून दोन्ही वेळा रांधणारं घर मागे आणि डबे मागवून जेवणारं पुढे! एका घरात तान्हं बाळ आहे, आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत. डायपरमुळे त्यांचं नाव कायम तळाशी. परवा तिथली सून म्हणाली, “काकू, आमचं नाव काढून टाका.” फार वाईट वाटलं. त्यात मागच्या रिकाम्या प्लॉटवर बांधलेल्या पिशव्या दिसायला लागल्यात. पूर्वी नव्हत्या.

आणखी एक. सुक्यातलं पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या ताई भंगारात विकतात, त्यांच्या कमाईचा तो मोठा भाग. लोक आता तेच रद्दीवाल्याला देऊ लागलेत. आमच्या स्पर्धेने त्यांच्या पोटावर पाय येऊ नये.

वजन सोडून काय मोजता येईल? कोणी असं काही केलंय का?

---

प्रतिसाद : ठाण्याहून लिहितोय. आम्हीही आधी सगळंच तोललं होतं. नंतर फक्त ‘उरलेली पिशवी’ तोलायला लागलो, म्हणजे जे खतातही जात नाही आणि भंगारातही विकलं जात नाही ते. वेफर्सची पाकिटं तिथे बरोबर सापडतात. डायपर आणि पॅड हिशोबातच धरू नका. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे, म्हणजे उचलणाऱ्याचा हात त्यात जात नाही. प्रत्येक घराची तुलना त्याच्याच पहिल्या आठवड्याशी करा आणि नावांचा फळा आधी उतरवा. पिशव्या प्लॉटवर जातात त्या या फळ्यामुळेच. विकाऊ सुका ताईंनाच द्यायचा, हा आमच्याकडे स्पर्धेचा पहिला नियम होता.

---

मनापासून धन्यवाद दादा. फळा आज संध्याकाळीच उतरवते आणि त्या सुनेकडे स्वतः जाऊन येते. एक विचारू? ओल्या कचऱ्याचं खत करायला २० घरं टोपली ठेवायला तयार आहेत, पण उरलेली आमटी-भाजी टाकली की आळ्या होतात आणि घरातले वैतागतात. तुम्ही वाळलेला पाला वापरता की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)? आणि किती घालता?