कोल्ह्याचं पिल्लू, रोहित आणि निवटी: यांची दोस्ती पोरांना कशी पटवू?

खाडीकाठची मावशी:

नमस्कार मंडळी. मी नवी मुंबईत, ठाण्याच्या खाडीकाठी, ऐरोलीत राहते. सोसायटीतल्या पोरांना शनिवारी संध्याकाळी गोष्ट सांगायचं खातं माझ्याकडे आहे. वय पाच ते नऊ, म्हणजे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. सिंह-ससे सांगून संपले. खिडकीतून तिवरं (खारफुटीची झाडं) दिसतात, रात्री कोल्हेकुई ऐकू येते, मग गोष्टीत जिराफ कशाला? म्हणून यंदा खाडीतलीच तीन पिल्लं घेतली. कोल्ह्याचं पिल्लू भुऱ्या, रोहित पक्ष्याचं (फ्लेमिंगोचं) पिल्लू गुलाबो आणि चिखलात टुणकन उडणारी निवटी मासळी, टुणकी.

पहिला भाग मस्त रंगला. शेवटी मी हौसेने "काही शंका?" विचारलं आणि सातव्या मजल्यावरची एक चिमुरडी उठली. "मावशी, भुऱ्या काय खातो?" म्हटलं, खातो काहीतरी. "काहीतरी म्हणजे टुणकीला?" मागून तिचा भाऊ ओरडला, "दोस्ती झाली म्हणून भूक लागत नाही का?" पुढच्या शनिवारी सांगते म्हणून वेळ मारून नेलीय.

तर जाणकारांनो, कांदळवनातला, म्हणजे या खारफुटीच्या रानातला, कोल्हा खरंच काय खातो? रोहितची पिल्लं इथे असतात का? आणि या तिघांना एकमेकांकडून काय शिकता येईल, भाषण न ठोकता? आमच्याकडे एका पालकांचा आग्रह आहे की गोष्टीच्या शेवटी तात्पर्य हवंच. मला ते पोरांच्या तोंडात कडू औषध कोंबल्यासारखं वाटतं.

दुर्बीणवाला:

ताई, गुलाबोचं बारसं पुन्हा करावं लागणार. ठाण्याच्या खाडीत रोहित अंडी घालत नाहीत. हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात, पाऊस तोंडावर आला की निघतात. घरटी कच्छच्या रणात, चिखलाच्या छोट्या बुरुजांवर. तिथे पिल्लू राखाडी लव घेऊन निघतं, चोचही सरळ असते, वाकडी नंतर होते. आईबाप दोघंही त्याला अन्ननलिकेत तयार होणारं दुधासारखं पातळ अन्न भरवतात. थोडी मोठी झाली की सगळ्या पिल्लांचं एकत्र पाळणाघर भरतं, आणि त्या गर्दीत आईबाप आपलं पिल्लू आवाजावरून ओळखतात.

मग ऐरोलीला लहान कोण येतं? उडायला शिकलेली पोरसवदा. हिवाळ्यात थव्यात नीट बघा, गुलाबी गर्दीत मळकट राखाडी-तपकिरी पक्षी दिसतील. तेच ते. गुलाबी रंग जन्माने मिळत नाही, खाण्यातून येतो. सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन दोन-तीन वर्षांत चढतो. तुमची नायिका राखाडीच ठेवा. सगळे गुलाबी, आपणच मातकट, हे दुःख पाच वर्षांच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक. ओहोटीला चिखल उघडा पडला की हे पक्षी चरायला उतरतात, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतात. भरती आली की चिखल बुडतो, मग बरेचसे थवे सीवूड्सच्या पाणथळींवर किंवा भांडुपच्या बाजूला जाऊन बसतात. तेव्हा तिघांची भेट फक्त ओहोटीला. गोष्टीला आयतं घड्याळ मिळालं.

तिवराआड:

आमचं घर कोळीवाड्यातलं, त्यामुळे टुणकीबद्दल मी बोलणार. ताई, राग मानू नका, पण निवट्यांचं कालवण आमच्याकडे आवडीने खातात. म्हणजे टुणकीला कोल्ह्याइतकीच आमची भीती!

निवटी मासाच, पण पाण्याबाहेर तासन् तास राहते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतून श्वास घेते. कातडी सुकली की संपलं, म्हणून मधूनच कुशीवर लोळून अंग चिखलाने माखते. डोळे डोक्यावर, बेडकासारखे वर आलेले. ते सुकायला लागले की आत ओढून ओले करून परत बाहेर काढते. हे पोरांना करून दाखवा, हॉल डोक्यावर घेतील. तिच्या बिळाला एकापेक्षा जास्त तोंडं असतात. लहानपणी आम्ही एका तोंडात हात घालायचो तर ती दुसरीकडून पसार. घरातल्या म्हाताऱ्यांनी शिकवलं, आधी दुसरं तोंड टाचेने दाबायचं, मग हात घालायचा.

आता भुऱ्या. कांदळवनातला कोल्हा खेकडे खातो, मासे खातो, उंदीर, मेलेले पक्षी, आणि लोकांनी टाकलेला कचरासुद्धा. दुबळा रोहित सापडला तर सोडणार नाही. हे लपवू नका. कोल्ह्याच्या घरातलं सांगण्यासारखं वेगळंच आहे. नर-मादी जोडीने राहतात, दोघं मिळून पिल्लांना वाढवतात, पोटातून आणलेलं उलटून भरवतात. पुष्कळदा आदल्या वर्षीची मोठी भावंडं घर न सोडता धाकट्यांना सांभाळायला थांबतात. भुऱ्याला एक ताई द्या की! खेकडा नांगीकडून नाही, पाठीमागून धरायचा, हे तिने शिकवावं.

आणि वेळेचं घ्या. पाणी रोज पाऊण तासाने मागे पडतं. आमच्याकडे हिशोब सोपा, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पाणी भरलेलं. खाडीत आत थोडा उशीर धरायचा. भेटीची वेळ रोज बदलते, हे दोस्तांना कळायला हवं. कालच्याच वेळेला गेलं तर चिखलाच्या जागी पाणी. पुनवेला, अवसेला उधाण असतं, तेव्हा पाणी पार तिवरांच्या बुंध्यात शिरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी फारसं चढतही नाही, उतरतही नाही.

येऊरकडचा:

मी डोंगराच्या बाजूचा, त्यामुळे थोडं भांडतो. दोस्तीच दाखवायची तर खाडीत कशाला ओढाताण? ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात या. वानर झाडावर, चितळ खाली. वानरं पानं-फळं खाताना निम्मी सांडतात, ती चितळांना मिळतात. बिबट्या दिसला की वानर वरून खॅक-खॅक करतं, वास आला की चितळ खालून कुक् करतं. एकाचे डोळे, दुसऱ्याचं नाक. वानराचं नवजात पिल्लू काळपट असतं आणि या मावशीकडून त्या मावशीकडे फिरत असतं. चितळाचं पाडस पहिले काही दिवस गवतात हालचाल न करता पडून राहतं. एकाला क्षणभर स्वस्थ बसवत नाही, दुसऱ्याला हलायची परवानगी नाही. जोडी जमली की नाही?

फक्त वानराला दानशूर कर्ण करू नका. ते चितळासाठी फळं टाकत नाही, ते मुळातच नासधुशीचं.

खाडीकाठची मावशी:

अहो, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं! येऊरकर, तुमची जोडी पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवली. "दानशूर कर्ण" उचलतेय, हरकत नसावी.

खाडीतलं आता असं जुळवलंय. गुलाबो गेली, राखाडी रंगाची राखी आली. भुऱ्या, टुणकी आणि राखी गळ्यात गळे घालत नाहीत, अंतर राखूनच असतात. टुणकी बिळाच्या तोंडाशी, राखी उथळ पाण्यात, भुऱ्या तिवराच्या श्वसनमुळांमागे. कच्चा तुकडा देते, बघा:

"पाणी उतरलं. भुऱ्या पोटावर सरकत आला. टुणकीने एक डोळा आत ओढला, परत बाहेर काढला.
'आज जेवलास का?' तिने विचारलं.
'दोन खेकडे. ताईने धरले.'
'पोट भरलं?'
भुऱ्याने विचार केला. 'नाही.'
'मग आज बिळातूनच बोलते,' टुणकी म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या तोंडातून तिचा आवाज आला, 'हं, सांग आता!'
लांब पाण्यात राखी हसली. तिने आपल्या पंखाकडे पाहिलं. एक पीस, एकच, किंचित गुलाबी वाटत होतं. की ऊन होतं ते?"

तात्पर्यवाल्या पालकांना सांगणार आहे की ते तुम्ही घरी जाऊन पोराला विचारा, काय सांगतंय बघा.

आता एकच अडचण. मे महिन्यात राखी जाणार. पोरं विचारणार, परत येईल का? हो म्हणू?

दुर्बीणवाला:

थवा येतो. त्यातली राखी ओळखता येईलच असं नाही, कारण तोवर ती गुलाबी व्हायला लागलेली असेल. मी असतो तर टुणकीला शेकडो पक्ष्यांत तिला शोधायला लावलं असतं आणि तिथेच पडदा पाडला असता. पण गोष्ट तुमची.

तुकडा झकास आहे. "बिळातूनच बोलते" हे तर माझ्या बायकोला वाचून दाखवलं.

तिवराआड:

दुसऱ्या तोंडातून आवाज, मानलं ताई. फक्त टाचेचं भुऱ्याला सांगू नका.

खाडीकाठची मावशी:

नाही सांगत! पोरांना प्रत्यक्ष दाखवायचं तर कुठे न्यावं?

दुर्बीणवाला:

लांब कशाला, तुमच्याच ऐरोलीत वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून हंगामात बोटीने खाडीत नेतात. 2015 मध्ये या पट्ट्याला रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर केलं, सुमारे 1,690 हेक्टर, आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतही नाव आलं. जानेवारीनंतर जा, थवे मोठे असतात. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे आधी फोन करून विचारा. पोरांच्या टोप्यांना दोरी बांधा, खाडीतला वारा टोपी ठेवत नाही. आणि तिवराचं एखादं पान जिभेला लावून बघायला सांगा, खारट लागतं. झाड नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. तोडायचं मात्र नाही, फांदीवरच चाटायचं.