अणुवीज वेगळी आणि अणुबॉम्ब वेगळा, खरंच?

घाटपायथा:
कोकणातल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की कोणीतरी हिरोशिमाचा फोटो टाकतंच. ६ ऑगस्ट १९४५ ला पडला तो बॉम्ब होता हो, अणुभट्टी नव्हती. वीजकेंद्राच्या इंधनात युरेनियम-२३५ (ज्याचे अणू फुटून ऊर्जा मिळते तो प्रकार) पाच टक्क्यांच्या आत असतं, बॉम्बला ऐंशी-नव्वद टक्के लागतं. भट्टी बॉम्बसारखी फुटूच शकत नाही. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ चे, तिथे काय मशरूमचा ढग उठला? विरोध जरूर करा, पण दोन्हींची खिचडी करू नका.

ट्रॉम्बेकर:
फुटत नाही, मान्य. पण खिचडी आम्ही नाही केली, ती मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातच शिजली. १९६० साली सुरू झालेली सायरस भट्टी कॅनडाने दिली, जड पाणी अमेरिकेने. करारात काय, तर वापर शांततेसाठी. भट्टीतल्या युरेनियमपासून प्लुटोनियम तयार होतं, तेही बॉम्बला चालतं; तिच्यातल्याच प्लुटोनियमवर १८ मे १९७४ चा पोखरणचा स्फोट झाला आणि आपण त्यालाही 'शांततामय' म्हणून मोकळे झालो! कॅनडाने अंग काढून घेतलं, राजस्थानातल्या अणुवीज केंद्राचा दुसरा संच रखडला. पुढे अमेरिकेने तारापूरचं इंधन थांबवलं, मग फ्रान्स, चीन, रशिया असे उंबरे झिजवले. बॉम्बची उधारी विजेने फेडली म्हणा ना.

घाटपायथा:
सायरस संशोधन भट्टी होती, वीजकेंद्र नव्हे. हे सोयीस्कर विसरलात. वीजभट्टीत इंधन बराच काळ राहतं, त्यात प्लुटोनियम-२४० हा बॉम्बला अडचणीचा प्रकार वाढतो आणि असा माल बॉम्बवाल्यांना नकोसा असतो. शिवाय माल बॉम्बकडे वळत नाही ना, हे पाहायला तारापूरला आंतरराष्ट्रीय निरीक्षक येतात.

ट्रॉम्बेकर:
कुठल्या तारापूरला? १ आणि २ ला येतात. ५४० मेगावॉटचे ३ आणि ४ आपण अमेरिकेशी अणुकरार करताना ठरवून निरीक्षणाबाहेर ठेवले. (याच दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, ते वेगळंच.) आणि या जड पाण्याच्या भट्ट्यांत इंधन भट्टी चालू असतानाच बदलता येतं, म्हणजे ते २४० वाढायच्या आत, लवकरही काढता येतं. काढलं असा माझा आरोप नाही. पण फक्त वीजच करायची होती, तर निरीक्षकांना दार बंद का?

राखेतली:
तुमचं प्लुटोनियम चालू द्या. मी विदर्भात कोळशाच्या वीजकेंद्राशेजारी राहते. दोरीवरच्या कपड्यांवर राख, गच्चीवर राख, पापड घालायचे तर वर पातळ साडी अंथरून. जपानमधल्या फुकुशिमाचा अणुअपघात म्हटलं की सगळे हळहळतात. आमच्या गच्चीचा फोटो कोण टाकतं?

खाडीकाठ:
ताई, तुमचं खरं आहे. पण म्हणून आमच्या दारात १६५० मेगावॉटचे सहा संच? फुकुशिमात भूकंप झाल्या झाल्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण बंद भट्टीतलं इंधनही तापतच राहतं. ते गार ठेवायला पंप लागतात, पंपांना वीज. बाहेरची वीज गेलेली, आणि त्सुनामीची लाट आली तेव्हा डिझेल जनरेटरही बुडाले. एवढंच झालं, आणि दीड लाखांवर माणसांना घर सोडावं लागलं.

प्रकल्पाची जागा, म्हणजे माडबनचा सडा, उंच आहे, लाट पोचणार नाही, असं आम्हाला सांगतात. बरं. पण शेजारच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी लाटेबद्दल नव्हतं विचारलं. भट्ट्या गार करून समुद्रात सोडायच्या कोमट पाण्याबद्दल विचारलं होतं. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनावर पोलिसांची गोळी चालली, एकाचा जीव गेला.

घाटपायथा:
गोळीबाराचं समर्थन कोणीच करणार नाही, आणि कोमट पाण्याचा मुद्दा रास्त आहे, तो मोजूनमापून सोडवायला हवा. पण भीतीपोटी तंत्रज्ञानच नाकारायचं? जैतापूरला येणार तीच फ्रेंच भट्टी फिनलंडमध्ये ओल्किलुओटोला आज व्यवस्थित चालते आहे.

ट्रॉम्बेकर:
चालते ना. २००९ ला सुरू व्हायची होती, २०२३ ला झाली.

खाडीकाठ:
तिथे उशिरा का होईना, दिवे तरी लागले. आमच्याकडे जमिनी घेऊन पंधराएक वर्षं झाली, आणि सड्यावर अजून नुसतं कुंपण.