घाटात ब्रेक मऊ, बाजारात चीं-चीं: नक्की काय बदलायचं?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. आमची पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची, ६८ हजार किलोमीटर झालेत. पुढे डिस्क, मागे ड्रम. चिपळूण-कराड येणं-जाणं कायमचं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. गेले काही आठवडे ब्रेक वेगवेगळ्या तऱ्हेने कुरकुरतायत आणि हे एकच दुखणं आहे की चार, तेच कळेना.

पावसात रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्रर्र वाजतं, मग बंद होतं. बाजारात हळू चालवताना डावीकडून बारीक, कानात घुसणारी चीं येते. ब्रेक दाबला की ती थांबते. घाट उतरल्यावर ब्रेक लावला की स्टीअरिंग थरथरतं. आणि मला खरी भीती वाटते ती याची: घाटाच्या पायथ्याच्या पोफळीला पोचेपर्यंत पेडल मऊ पडतं, नेहमीपेक्षा खोल जातं. गाडी थंड झाली की पुन्हा ठीक.

एका गॅरेजमध्ये चाक न खोलताच सांगितलं, की डिस्क, पॅड, ड्रम, लायनर, मास्टर सिलिंडर, सगळंच बदला. पुढच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन कराडला जायचंय. आधी काय बघू, काय बदलू?

पाना_नंबर_१४
दादा, चारही गोष्टी वेगळ्या काढून लिहिल्यात ते फार बरं केलंत. "ब्रेक वाजतोय" एवढंच सांगून गाडी सोडून गेलं की पुढच्याला अंदाजच बांधावा लागतो. गॅरेजचं काम मी बरीच वर्षं केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सकाळची खर्रर्र विसरून जा. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, ती बिडाची असते, कोकणातल्या हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज धरतो. पहिल्या दोन-चार ब्रेकला पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या, तो खरवडून काढतात. त्यासाठी पैसे घालवू नका. हाच आवाज दिवसभर राहिला, तर मात्र गोष्ट वेगळी.

बारीक चीं हा बहुतेक पॅडचाच निरोप आहे. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते. पॅडवरचा घासणारा थर, म्हणजे मसाला, झिजून २-३ मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि शिट्टी वाजवते. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मसाला असतो, म्हणजे तुमचे संपत आलेत. ही शिट्टी ऐकूनही गाडी तशीच चालवली, तर पुढे लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड, करवतीसारखा आवाज सुरू होतो. मग पॅडबरोबर डिस्कचाही खर्च.

पण आवाज एकाच बाजूने येतोय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चाक खोलून आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी-शेजारी ठेवून बघा. आतला फार झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या शिकंज्याच्या, स्लाइड पिना (ज्यांवर तो सरकतो) जाम झाल्यात, किंवा पिस्टन मागे सरकत नाही. पावसाळ्यात पिनेवरचं रबरी बूट फाटतं, आत पाणी जातं, ग्रीस वाळतं आणि पिन गंजते. मग तो पॅड ब्रेक सोडल्यावरही डिस्कला चिकटून राहतो, चाक तापतं, मायलेज पडतं, कधी गाडी एका बाजूला ओढते. अशा वेळी नुसते पॅड बदलले तर नवेही तसेच खलास होणार. पिना काढून, साफ करून, बूट नवे घालून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. साधं पिवळं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

पेडलचं मऊ पडणं मात्र थांबण्यासारखं नाही. आवाज चार दिवस थांबेल, पेडल थांबणार नाही. फक्त तापल्यावर मऊ आणि थंड झाल्यावर ठीक, हे जुन्या ब्रेक ऑइलचं लक्षण. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पण साडेतीन-पावणेचार टक्के पाणी शोषलं की हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात कॅलिपर तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खोल जातो. सात वर्षांत ऑइल कधी बदललंय का, ते बिलांवर शोधा. साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि हे काम सर्व्हिसिंगमध्ये हमखास राहून जातं.

पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देतो तो मास्टर सिलिंडर, त्याची खात्री घरीच करता येते. इंजिन चालू ठेवून, सपाटीवर उभ्या गाडीत पेडल मध्यम जोराने अर्धा-एक मिनिट दाबून धरा. पाय हळूहळू खाली बुडत गेला तर बाहेर गळती आहे का ते आधी बघायचं. ती नसेल तर मास्टर सिलिंडरचे आतले सील गेलेत. पेडल जागेवर राहिलं तर त्याला हात लावायची गरज नाही.

सह्यउतार
पाना काकांशी सहमत. मी थरथरीबद्दल आणि घाट उतरण्याबद्दल लिहितो.

स्टीअरिंग थरथरतं तेव्हा कारण बहुधा पुढच्या डिस्कमध्ये असतं. सीटखाली आणि पेडलमध्ये जाणवलं तर मागेही बघावं. लोक सरसकट "डिस्क वाकली" म्हणतात. पुष्कळदा डिस्क वाकलेली नसते. घाट उतरून ब्रेक लालबुंद तापलेले असताना आपण गाडी थांबवतो आणि पेडल घट्ट दाबून धरतो. त्या जागी पॅडचा मसाला डिस्कवर थापला जातो, पुढे दर फेऱ्याला तो डाग पॅडखाली येतो आणि हादरा बसतो. म्हणून पायथ्याला लगेच थांबू नका, किलोमीटर-दोन किलोमीटर सावकाश चालवून वारा लागू द्या. मग सपाटीवर थांबून गिअरमध्ये ठेवा. आणि कुणी काही सांगो, तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्कला तडा जाऊ शकतो.

घाटमाथ्यावरच्या हेळवाककडून उतार सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्या गिअरमध्ये या. ट्रकवाले सांगतात ना, ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा, ते शंभर टक्के खरं आहे. इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेकला अधूनमधूनच काम पडतं. पाय सतत हलका टेकवून ठेवण्यापेक्षा, वेग वाढला की ठाम ब्रेक लावून कमी करा आणि पाय पूर्ण काढा. तेवढ्यात डिस्क थंड होते. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणं तर जिवाशी खेळ. इंजिन बंद असताना पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकमध्ये संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

अजून एक फरक लक्षात ठेवा. पेडल खोल गेलं तर ऑइलमध्ये वाफ. पेडल कडक आहे, पाय जोरात दाबलाय, तरी गाडी आवरत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅडचा मसालाच तापून पकड सोडतोय. पहिल्या प्रकारात पेडल भराभर पंप करून थोडा दाब मिळतो. दोन्हीत गिअर खाली टाका, हँडब्रेक हळूहळू ओढा, डोंगराच्या बाजूला या.

सोनचाफा
धागा छान चाललाय, मध्येच विचारते. आम्ही जूनमध्ये आठवडाभर बाहेरगावी होतो, गाडी उघड्यावर हँडब्रेक लावून. परत आल्यावर मागचं चाक हलेचना, मग धाडकन आवाज होऊन सुटलं. आता ठीक चालतेय. काही दाखवायला हवं का? आणि खडबडीत ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पेडल पायाखाली कुर्रर्र करतं, तेही यामुळेच का?

पाना_नंबर_१४
ताई, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. मागच्या ड्रममध्ये ओलावा गेला, लायनर (ड्रमला आतून घासणारे थर) गंजून ड्रमला चिकटले आणि गाडी हलवल्यावर सुटले. कधीकधी त्यात लायनरचा तुकडा शूपासून उखडतो, म्हणून एकदा ड्रम उघडून साफ करून घ्या. साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, ती धूळ फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनरने धुवायला सांगा. पावसाळ्यात जास्त दिवस गाडी ठेवताना सपाट जागा बघा, पहिला गिअर टाका, चाकाला पुढे-मागे दगड किंवा लाकडी ठोकळा लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा.

कुर्रर्र म्हणजे एबीएस आपलं काम करतंय. चाक लॉक होऊ नये म्हणून सेकंदात अनेकदा दाब सोडला-धरला जातो, तेच पायाला कळतं. घाबरून पाय काढायचा नाही, दाबून धरायचा आणि स्टीअरिंगने वाट काढायची. काही गाड्यांत सुरू करून थोडं पुढे गेलं की एकदा "टक्" किंवा "घर्र" होतं, तीही एबीएसची स्वतःची तपासणी असते. एबीएसचा दिवा लागून राहिला तर मात्र दाखवा.

ठाणे_चार्जिंग
इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक भर. गाडी मोटरनेच वेग कमी करत असल्याने ब्रेक फार कमी वापरले जातात आणि पावसाळ्यात डिस्कवर गंज साचून राहतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, अधूनमधून ठाम ब्रेक लावावेत. आणि घाटमाथ्यावर बॅटरी १०० टक्के भरून उतरू नका. भरलेली बॅटरी आणखी वीज घेऊ शकत नाही, मग मोटरचा अडसर कमी होतो आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो आणि समोर उभं राहून चाकं खोलून घेतली.

पुढच्या डाव्या चाकात आतला पॅड २ मिलिमीटर, बाहेरचा ६. खालची पिन अगदी जाम, हाताने हलेना; बूटला चीर होती आणि आतून तांबडा चिखल निघाला. उजवीकडे दोन्ही पॅड सारखे, ५ मिलिमीटर. मास्टर सिलिंडर काकांनी सांगितलं तसं दाबून पाहिलं, पेडल जागेवर राहिलं. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं, बदलल्याची नोंद एकाही बिलावर नाही. मागचे लायनर चांगले आहेत, फक्त साफ केले.

पुढचे दोन्ही बाजूंचे पॅड, पिना, बूट आणि डॉट ४ ऑइल एवढं केलं. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, आमच्यावर १५ मिलिमीटर आहे, मायक्रोमीटरने १५.८ भरली. मिस्त्री म्हणाले, लेथवर मारून, म्हणजे यंत्रावर तासून सपाट करून घेऊ. घ्यावी का? आणि नवे पॅड घातल्यापासून ब्रेक थोडा कमी धरतोय असं वाटतं.

पाना_नंबर_१४
दादा, लेथवर दोन्ही बाजूंनी थोडं-थोडं निघालं तरी तुम्ही १५ च्या अगदी काठावर येता, आणि पातळ डिस्क घाटात लवकर तापते. आत्ता मारू नका. बोटाने चाचपून खोल चरे लागत नसतील तर आहे तीच चालवा, आणि पुढच्या वेळी पॅडबरोबर दोन्ही डिस्क जोडीने बदला.

नवे पॅड सुरुवातीला कमी धरतात, कारण त्यांचा मसाला डिस्कवर अजून बसलेला नाही. रिकामा सरळ रस्ता बघा. ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम ब्रेकने वेग आणा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा, मध्ये जरा वारा लागू द्या. शेवटी न थांबता थोडं फिरून घरी या. थरथर डागांमुळे असेल तर यात ती बरीच कमी व्हावी. तरीही राहिली, तर हबवर डिस्क बसते ती जागा गंजलीय का ते बघायला सांगा. तिथे गंजाचा पापुद्रा असला तरी डिस्क तिरकी फिरते.

ऑइलची टाकी वरच्या खुणेच्या पुढे भरली नाही ना, तेही बघून घ्या. पॅड झिजतात तशी पातळी आपोआप उतरते. मध्ये कुणी भर घातली की पुढच्या पॅडच्या वेळी ते ऑइल वर येऊन सांडतं आणि रंग खातं.

वाशिष्ठीकाठ
पातळी खुणेच्या आत आहे. काल गुहागर रस्त्यावर तुम्ही सांगितलं तसं केलं, पकड आली आणि चीं गेली. थरथर अगदी किंचित उरलीय, शनिवारी हब उघडून बघतो. आई-बाबांचं कराड रविवारवर ढकललं.

सह्यउतार
उत्तम. रविवारी उतरताना मध्ये एकदा थांबाल तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, लावू नका. दोन्हीकडे ऊब सारखीच हवी. डावं जास्त भाजत असेल तर पिस्टनही बघावा लागेल.