केशराची कंदकुज : बॅसिलस वापरू, स्युडोमोनास की दोन्ही?

नमस्कार मंडळी, केशरवाल्यांची मदत हवी आहे.

फुलं येऊन गेली, पानं वाढीला लागली आणि नेमकी आता काही रोपांची पानं शेंड्याकडून पिवळी पडून वाळत चालली आहेत. शंका आली म्हणून काही कंद उकरले. वरचं तपकिरी जाळीदार साल सोलल्यावर बुडाशी, जिथून मुळं फुटतात त्या चकतीला लागून, लालसर तपकिरी खोलगट डाग दिसले. नख लावलं तर ते आत जातं. एका कंदावर पांढुरकी-गुलाबी बुरशीही होती. लक्षणं फ्युजॅरियम या मातीतल्या बुरशीची वाटतात. कुजलेले कंद मुळांसकट काढून नष्ट केले.

खरी काळजी पुढच्या कंदांची आहे. केशराला बी धरत नाही, सगळी पैदास कंदातूनच. यंदाचा मातृकंद आटत जाणार आणि त्याच्याच डोक्यावर नवे कंद पोसणार, म्हणजे रोगही वारशाने मिळायचा. दर वेळी रासायनिक बुरशीनाशकात कंद बुडवत बसायची इच्छा नाही, म्हणून उपयुक्त जिवाणूंकडे वळावं म्हणतो. तर :

१) बॅसिलस सबटिलिस आणि स्युडोमोनास फ्लुरोसन्स यांतलं केशराला कोणतं जास्त मानवतं?
२) आता उभ्या पिकात आळवणी (मुळांशी द्रावण ओतणं) करून उपयोग आहे, की पुढच्या लागवडीला कंदप्रक्रियाच करावी?
३) लागवडीच्या वेळी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक वापरलं होतं. त्यावर जिवाणू टिकतील का?

प्रतिसाद १

तिसऱ्यापासून सुरू करतो, तो सोपा आहे. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीविभाजनावर घाव घालतं, जिवाणूंना त्याची फारशी झळ लागत नाही. जपायचं ते ताम्रयुक्त औषधांपासून. कॉपर ऑक्सिक्लोराइड बुरशीबरोबर जिवाणूंनाही मारतं, त्यामुळे ते आणि बॅसिलस एका टाकीत कधीच नको.

कुजलेला कंद कोणताही जिवाणू बरा करत नाही. त्याचं काम शेजारच्या निरोगी कंदाभोवती आधी जागा धरून बसायचं. बॅसिलस इट्युरिन, फेंगायसिन अशी द्रव्यं सोडतो, त्यांनी बुरशीच्या तंतूंची आवरणं फाटतात. स्युडोमोनासची तऱ्हा निराळी. तो सिडेरोफोर (लोह पकडणारी द्रव्यं) सोडून मातीतलं लोह स्वतःकडे ओढतो आणि बुरशीची उपासमार करतो, शिवाय त्याचे काही वाण (उपप्रकार) बुरशीला मारक द्रव्यंही बनवतात. या दोघांच्या सहवासात झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही जागी होते. वाढीचा फायदा वेगळाच : दोन्हींचे बरेच वाण मातीत अडकलेलं स्फुरद (फॉस्फरस) मोकळं करतात आणि ऑक्सिनसारखी संजीवकं देऊन मुळं वाढवतात.

मला एकच निवडायला सांगितलं तर बॅसिलस. तो बीजाणू करून सुप्त राहतो, त्यामुळे उष्णता, कोरडेपणा आणि पुडीतला मुक्काम सोसतो. केशर उन्हाळाभर सुप्त असतं, तेव्हा जमीन कोरडीच असते. स्युडोमोनासला ही सोय नाही, तो ताजाच हवा. पुडीवरची अंतिम तारीख आणि ग्रॅममागे किती जिवंत जिवाणू (सीएफयू) आहेत ते न बघता घेऊ नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. केशरावर थेट प्रयोगही झालेत. बॅसिलस सबटिलिसच्या एफझेडबी२४ या वाणाने प्रक्रिया केलेल्या कंदांना लवकर कोंब फुटले, दर कंदामागे फुलं वाढली आणि केशरकाड्यांचं एकूण वजनही वाढलं, असा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. काश्मीरच्या केशरपट्ट्यात कंदकुज ही जुनी डोकेदुखी, तिथल्या कंदांभोवतीच्या मातीतूनही फ्युजॅरियमला रोखणारे बॅसिलस वेगळे केले गेलेत. पण वाणावाणात फरक असतो बरं का! 'बॅसिलस' एवढंच छापलेली प्रत्येक पुडी तेच करेल असं नाही.

प्रतिसाद ३

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी का नाही कुणी सांगितली? तीच सगळ्यात स्वस्त आणि मस्त.

प्रतिसाद १

@प्रतिसाद ३, चांगलीच आहे, पण ती स्वतः बुरशी. धागाकर्त्याने कार्बेन्डाझिम वापरलंय, ते ट्रायकोडर्माला मारतं. आधी त्याचा असर ओसरू द्यावा लागेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दुसरा प्रश्न मात्र राहिलाच. आत्ता आळवणी करू का? वाफ्यात ओल बरीच आहे.

प्रतिसाद २

ओल बरीच असेल तर थांबा, आधी निचरा सुधारा. साचलेल्या ओलीत मुळं गुदमरतात आणि फ्युजॅरियमचं फावतं, त्यात तुम्ही आणखी पाणी ओतणार. माती वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) आली की निरोगी रोपांच्या बुडाशी संध्याकाळी आळवणी करा. पानं हिरवी आहेत तोवरच नवे कंद पोसतात, म्हणजे संरक्षणाची गरज याच काळात. चांगलं कुजलेलं शेणखत थोडं मिसळलंत तर जिवाणूंना खायलाही मिळेल. कच्चं शेणखत मात्र अजिबात नको.

पानं वाळल्यावर कंद काढाल तेव्हा खुरपं जपून चालवा, जखमेतून पेनिसिलियम शिरतं आणि साठवणीत निळसर-हिरवी बुरशी धरते. डागाळलेले कंद तिथेच बाजूला काढा. उरलेल्यांचं सुटं साल काढून लागवडीआधी बॅसिलसच्या द्रावणात बुडवा, सावलीत सुकवा आणि शक्यतो दुसऱ्या जागी लावा. फ्युजॅरियमचे जाड भिंतींचे बीजाणू त्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात.

धागाकर्ता

जागा बदलणं जमेल. निम्मे कंद प्रक्रिया न करता वेगळे लावतो, म्हणजे फरक पडला की नाही ते दिसेल. अजून एक : पीएसबीची (स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची) पुडी पडून आहे, ती याच द्रावणात चालेल का?

प्रतिसाद १

चालेल, पण कुठले जिवाणू आहेत ते वाचा. पुष्कळदा पीएसबी म्हणजे बॅसिलसचाच दुसरा वाण असतो. स्फुरदासाठी ठीक, कंदकुजीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.